आंघोळीपासून सुरू झालेली शाळा

नूतन बालशिक्षण संघाचा इतिहास सांगताना माणसे माँटेसरी पद्धतीबद्दल बोलतात. ते बरोबरच आहे. 1926 मध्ये भावनगरला संघ स्थापन झाला तो बालशिक्षणाच्या या नव्या विचाराचा प्रसार करण्यासाठीच. पण संघाचे जे काम पुढे देशभर पोचले, त्याचे साहित्य फार वेगळे होते: पाण्याची बादली, साबणाची वडी, फणी, खोबरेल तेल आणि नखे कापायची कात्री. हे काम 1945 च्या अखेरीस डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावात सुरू झाले. संघाच्या शिक्षणपद्धतीवर या स्मरणिकेत जाणकारांनी लिहिले आहे. मुलाच्या शरीराची काळजी संघाच्या शाळेत कशी शिरली आणि पुढे तिचे काय झाले, एवढाच विषय इथे घेतला आहे.

मूळ माँटेसरी विचारात शरीर होतेच. मारिया माँटेसरी या मुळात डॉक्टर. 1896 मध्ये रोम विद्यापीठातून त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले, तेव्हा मुलांचे वजन दर आठवड्याला आणि उंची दर महिन्याला मोजून नोंदवायची, असे त्यांनी ठरवून टाकले होते. आपल्याकडे बालवाडीत वजनकाटा यायला त्यानंतर कितीतरी दशके जावी लागली. मात्र त्या बालगृहाच्या नियमावलीत आणखी एक कलम होते. मूल न धुतलेले किंवा मळक्या कपड्यांत आले तर त्याला काढून टाकले जाईल. मुलाला स्वच्छ करून पाठवणे हे आईचे काम होते.

नियम कडक वाटतो, पण त्यामागे एक सोय होती. सान लोरेन्झोमधल्या त्या चाळी एका गृहनिर्माण संस्थेने नुकत्याच दुरुस्त केल्या होत्या आणि बालगृह त्याच इमारतीत होते. आई तिथेच राहत होती. ही अट घालताना माँटेसरींनी दुरुस्त घर आणि घराच्याच इमारतीत शाळा हे तिला आधी मिळालेले आहे असे धरले होते. बोर्डीत यातले काहीच धरता येणार नव्हते.

भावनगरमध्ये गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर सुरू केले. वकिली सोडून शिक्षणात आलेला हा माणूस. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला मास्तर गोष्टी सांगण्यासाठी प्रसिद्ध आहे. पण वर्गात आल्यावर तो मुलांची वाढलेली नखे, विस्कटलेले केस आणि मळक्या टोप्याही बघतो, हे वाचकांच्या कमी लक्षात राहते. 1923 मध्ये ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाईंबरोबर काम करू लागल्या. ताराबाई मूळच्या केळकर, मुंबईत प्रार्थना समाजाच्या वातावरणात वाढलेल्या, 1914 च्या बी.ए. लग्नानंतर अमरावतीला गेल्या, पुढे संसार मोडला आणि राजकोटच्या बार्टन अध्यापिका विद्यालयाच्या प्रमुखपदावर काम करून त्या भावनगरला आल्या. गिजुभाईंबरोबर ‘शिक्षणपत्रिका’ त्यांनी गुजरातीत चालवली आणि 1933 मध्ये ती मराठीत आणली. 1936 मध्ये मुंबईत दादरला त्यांचे शिशुविहार सुरू झाले.

शिशुविहारबद्दल इथे फार लिहिण्याची गरज नाही, कारण आमच्या विषयाच्या दृष्टीने तिथे फारसे घडले नाही. दादरच्या मध्यमवर्गीय घरातले मूल आंघोळ करून, दूध पिऊन, वेणीफणी होऊन येत होते. शाळेने त्याच्या बोटांना, डोळ्यांना, कानांना काम दिले की झाले. खुद्द ताराबाईंना मात्र याच गोष्टीची टोचणी लागलेली दिसते. बालशिक्षण हे पैसेवाल्यांच्या मुलांपुरते राहणार असेल तर त्याचा उपयोग काय, हा प्रश्न गांधीजींच्या बाजूनेही येत होता. त्यांच्या 1937 च्या वर्धा योजनेत, म्हणजे नई तालीममध्ये, सात वर्षांपुढच्या मुलांचा विचार होता. 1945 च्या सुमाराला नई तालीम त्याआधीच्या वयापर्यंत नेण्याची चर्चा सुरू झाली. माँटेसरी साहित्याचा एक संच विकत घेणे जिथे अशक्य, तिथे बालशाळा कशी चालेल, हे कोणीतरी करून दाखवायला हवे होते.

त्याच वर्षी बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टने ग्रामसेविकांसाठी शिबिर भरवले. तिथे ताराबाईंना अनुताई वाघ भेटल्या. ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या, अनुताई पस्तिशीच्या. अनुताई पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, मग शिक्षिकेची नोकरी आणि नोकरी सांभाळून रात्रशाळेतले शिक्षण. खेड्यात यायला तयार आहात का, असे ताराबाईंनी विचारले आणि अनुताई निघाल्या. 24 डिसेंबर 1945 रोजी बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले.

बोर्डी समुद्रकाठचे, वाड्यांचे गाव. आचार्य भिसे यांच्या शिक्षणकार्यामुळे शाळेचे वातावरण तिथे आधीपासून होते, त्यामुळे बालवाडीला जागा आणि माणसे मिळाली. मुलेही आली. पण ती कोणाची, हे बघितल्यावर गावाची रचना उघड झाली. दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यावरची मुले मध्यवर्ती बालवाडीत येत नव्हती. आईबाप पहाटे कामावर जात. मुलाला तयार करून गावाच्या दुसऱ्या टोकाला पाठवणार कोण? आणि पाठवले तरी तिथे त्याला कसे वागवले जाईल, ही शंका होतीच. तेव्हा बालवाडीच वस्तीत गेली. घरासमोरचे अंगण झाडून घ्यायचे, सडा घालायचा आणि तिथेच शाळा भरवायची. मध्यवर्ती बालवाडीला जोडून चालणारी ही अंगणवाडी.

अंगणातल्या त्या शाळेचा पहिला तास आंघोळीचा. मुलांना जमवायचे, अंग चोळून धुवायचे, केस विंचरायचे, उवा काढायच्या, नखे कापायची, डोळ्यातली चिपडे पुसायची, खरजेवर मलम लावायचे. गाणी, गोष्टी, शंख-शिंपले आणि चिंचोके मांडून मोजणे हे सगळे त्यानंतर. रोमच्या नियमावलीतले कलम इथे उलटे झाले होते. मळलेल्या मुलाला परत पाठवायचे नाही, त्याला धुणे हेच शाळेचे काम. संघाच्या साऱ्या इतिहासात मला हा बदल सगळ्यात मोठा वाटतो. त्यावर ठराव झाला, समिती नेमली, असे काही घडले नाही. समोर मूल होते आणि त्याला खरूज होती.

1945 सालच्या कोकणपट्टीतल्या गावात दलित मुलाला सवर्ण घरातल्या बाईने मांडीवर घेऊन आंघोळ घालणे ही निव्वळ आरोग्याची बाब नव्हती, हे वेगळे सांगायला नको. शिवाशिव पाळणाऱ्या गावात हे काम भाषणाने झाले नसते. तरीही एक सावधगिरी हवी. अशा कामाचे वर्णन करताना ‘त्यांना स्वच्छता शिकवली’ हे वाक्य सहज लिहिले जाते आणि ते अर्धवट असते. पाणी डोक्यावरून आणावे लागते त्या घरातली बाई पोराला रोज आंघोळ घालत नाही, त्याचे कारण तिला कळत नाही हे नसते. खरजेचेच बघा. तिचा किडा एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातो. एकट्या मुलाला मलम लावून काही होत नाही; घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी लावावे लागते, कपडे आणि गोधड्या उकळून उन्हात घालाव्या लागतात. मुलाला एकच सदरा असेल तर तो उकळेपर्यंत मुलाने काय घालायचे? अंगणात शाळा भरवल्याचा फायदा इथे होता. बाईंना घर दिसत होते, गोधडी दिसत होती, आईशी दोन शब्द बोलता येत होते. शाळेच्या इमारतीत बसून मुलाला ‘उद्या स्वच्छ होऊन ये’ म्हणणाऱ्या शिक्षिकेला हे दिसले नसते.

याच 1945 सालाची दुसरी एक गोष्ट संस्थेच्या इतिहासात क्वचितच येते. त्या मे महिन्यात याच भागात, तलासरीजवळच्या झरी गावी, वारल्यांची परिषद झाली आणि वेठबिगार व लग्नगडीच्या (लग्नाच्या कर्जापायी सावकाराकडे राबण्याच्या) पद्धतीविरुद्ध गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या पुढाकाराने उठाव सुरू झाला. बोर्डीची बालवाडी आणि वारल्यांचा लढा एकाच भागात, एकाच वर्षी उभे राहिले. संघाने जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न हाती घेतला नाही; तो त्याचा पिंड नव्हता. पण मुलाच्या पोटात काय जाते हे शेवटी त्याच प्रश्नावर ठरत होते. बालवाडीतले मूल धुऊनपुसून, गाणे म्हणून घरी जाई आणि पावसाळ्यात त्या घरातल्या कणगीत काही नसे. संघाच्या कामाची ही मर्यादा मान्य करूनच त्याचे मोठेपण सांगावे.

1956–57 च्या सुमारास केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. आता काम पूर्णपणे वारली पाड्यांत. इथे प्रश्नांचे स्वरूप बदलले. बोर्डीत मूल शाळेपासून लांब होते. कोसबाडला मूल कामावर होते. सात-आठ वर्षांचा मुलगा गुरांमागे जाई. त्याच वयाची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवसभर घर राखी. अशा मुलीला शाळेत बोलावणे म्हणजे त्या तान्ह्या मुलाला कोणाच्या तरी हवाली करायला सांगणे.

म्हणून विकासवाडीची कल्पना आली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. बहीण भावंडाला घेऊनच यायची, त्याला पाळणाघरात ठेवायचे आणि आपण वर्गात बसायचे. या साध्या व्यवस्थेत आरोग्याचा हिशेब फार पक्का होता. वर्षा-दीड वर्षाच्या मुलाचे पोट लहान. भाकरी-पेजेवर वाढणाऱ्या मुलाला दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे भरवावे लागते. आई सकाळी निघून दिवेलागणीला परतणार असेल तर ते भरवणार कोण? आठ वर्षांच्या मुलीकडून ती अपेक्षा करणे चुकीचे. पाळणाघरातली बाई ते करू शकते. शिवाय त्या मुलाला हगवण लागली, ताप आला, तर ते त्याच दिवशी मोठ्या माणसाच्या नजरेस पडते.

पुढे 1968 मध्ये स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन यांचा आहार आणि संसर्ग यांच्या परस्परसंबंधांवरचा ग्रंथ जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केला. उपाशी मूल लवकर आजारी पडते, आजारी मुलाची भूक जाते आणि खाल्लेले अंगी लागत नाही, मग ते आणखी अशक्त होऊन पुन्हा आजारी पडते. नुसते अन्न किंवा नुसते औषध देऊन हे चक्र तुटत नाही, हे त्याचे सार. कोसबाडच्या बायकांनी हे पुस्तकात वाचून काम केले नव्हते. पण धुणे, भरवणे, मलम लावणे आणि खेळवणे हे एकाच व्यक्तीने एकाच जागी करण्याची त्यांची रीत या शास्त्राला धरूनच होती.

गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. मूल शाळेत येत नाही तर शाळा कुरणात नेली. गुरे चरत असताना झाडाखाली अक्षरे, आकडे, गाणी. ताराबाईंनी या प्रयोगाबद्दल लिहिलेही. मला या प्रयोगाचे कौतुक आहे आणि थोडी अस्वस्थताही. मुलाने गुरे राखणे कुरणशाळेने गृहीत धरले. ते त्याने राखू नये, असे ती म्हणाली नाही. त्या काळात दुसरा मार्ग होता का, असे विचारले तर माझ्याकडे तयार उत्तर नाही. मूल अजिबात न शिकण्यापेक्षा कुरणात शिकलेले बरे, असे त्या माणसांनी ठरवले.

कोसबाडचा तिसरा भाग प्रशिक्षणाचा. बालसेविका तयार करणे हे संघाचे भावनगरपासूनचे काम; कोसबाडला ते पाड्यांच्या सान्निध्यात होऊ लागले. इथे शिकणारी बाई फळ्यावरचे टिपण उतरवून घेण्याआधी मूल हाताळायला शिकत होती. रडणारे, गळक्या नाकाचे, अंग चोरणारे मूल जवळ कसे घ्यायचे, हे वर्गात बसून येत नाही. अनुताईंच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात या सगळ्या वर्षांची आठवण आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी या स्मरणिकेपेक्षा ते आधी वाचावे.

ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळाले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशभरातल्या 33 प्रकल्पांपासून सुरुवात झाली: 18 ग्रामीण, 11 आदिवासी आणि 4 शहरी. केंद्राचे नाव ठेवले गेले अंगणवाडी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण या सहा सेवा एका छताखाली. कागदावर बघितले तर बोर्डी-कोसबाडचीच कल्पना, अधिक लसीकरण, अधिक सरकारी यंत्रणा. ताराबाईंना हे बघता आले असते तर त्या सुखावल्या असत्या, असे म्हणण्याचा मोह होतो.

पण सहा सेवांपैकी जी मोजता येते ती टिकते. पोत्यातला तांदूळ मोजता येतो, पाकिटे मोजता येतात. सुरुवातीला प्रत्येक मुलामागे रोज 300 उष्मांक आणि 8 ते 10 ग्रॅम प्रथिने असा दंडक होता. 2009 मध्ये तो 500 उष्मांक आणि 12 ते 15 ग्रॅम झाला. गाणे किती म्हटले, मुलाला किती वेळ जवळ घेतले, याचा रकाना नसतो. हळूहळू अंगणवाडी म्हणजे खाऊ मिळण्याची जागा, अशी लोकांची समजूत झाली आणि खात्याचीही. संघाच्या कामात आहार, स्वच्छता आणि शिक्षण एका हाताने होत होते. योजनेत ते एकाच बाईवर सोपवले गेले, पण तिच्याकडून हिशेब मात्र एकाच गोष्टीचा मागितला गेला.

आणि जी गोष्ट मोजली तीही पुरली नाही. 1992 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्याच जव्हार तालुक्यात वावर-वांगणी भागातल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. कोसबाडची टेकडी तिथून फार दूर नाही. त्याच वर्षी 27 सप्टेंबरला अनुताई गेल्या. त्याच्या दहा वर्षे आधीच, 1982 मध्ये, रमेश पानसे यांच्यासह त्यांनी ग्राममंगल ही नवी संस्था काढली होती आणि डहाणू तालुक्यातल्या ऐना गावी तिचे काम रुजले. सत्तरी ओलांडलेल्या बाईने पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे, यातच कोसबाडचे काम पुरे झाले असे त्यांना वाटत नव्हते, हे दिसते.

त्यानंतरची हकीकत संघाची नाही, पण संघाने रोवलेल्या कामाची आहे. 2001 पासून अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकामागून एक आदेश दिले. 2006 मध्ये देशभर 14 लाख अंगणवाड्या उभ्या करण्यास सांगितले. 2008 पासून वाढीच्या तक्त्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची नवी मानके आली. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातले डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन मुले तपासू लागले. हे सगळे चांगले आहे. तरी 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे 35 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि 25 टक्क्यांहून अधिक मुले उंचीच्या मानाने कमी वजनाची आढळली.

या सगळ्याच्या केंद्रस्थानी असलेली सेविका अजून मानधनावर आहे. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे ठरायला एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. त्याच्या आदल्या वर्षी महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते. यंत्रे बिघडलेली, आणि ज्या ॲपमध्ये रोज नोंदी भरायच्या ते त्यांच्या भाषेत नव्हते. वजन घ्या, उंची घ्या, आहार वाटा, घरभेटी द्या, सर्वेक्षण करा, निवडणुकीचे काम करा आणि उरलेल्या वेळात शिकवा. मदतनीस आजारी असेल तर झाडणे आणि शिजवणेही तिच्याकडेच. बोर्डीच्या अंगणात आंघोळीला जितका वेळ जात होता तितका वेळ आज नोंदींना जातो.

मे 2023 मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने ‘पोषण भी, पढाई भी’ असा कार्यक्रम जाहीर केला. अंगणवाडीत आहाराबरोबर शिक्षणही व्हावे, सेविकेला त्यासाठी तयार करावे, हा त्याचा हेतू. 1945 पासून ज्यांना हे माहीत होते त्यांनी यावर तक्रार करू नये. उशिरा का होईना, दोन तुटलेले भाग जोडायचे ठरले. सेविकांच्या या प्रशिक्षणाची मुदत तीन दिवसांची आहे.